रेषेच्या वर, रेषेच्या खाली

संख्याशास्त्राकडे आमच्या वर्गात फारसे कोणी प्रेमाने पाहत नाही. कलाशाखेत येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दहावीलाच गणिताला सोडचिठ्ठी दिलेली असते. तेच गणित अर्थशास्त्राच्या मागच्या दाराने पुन्हा घरात शिरले की मन विटते. मीही काही त्याची भक्त नव्हते. परंतु या वर्षी एका धड्याने माझ्या मनात जे घर केले ते एखाद्या कवितेनेही केले नसते. त्या धड्याचे नाव रिग्रेशन. आमच्या पुस्तकात त्याला ‘समाश्रयण’ असा भारदस्त शब्द आहे. आश्रय या शब्दाचा त्यात वास आहे म्हणून तो मला आवडतो, पण बोलताना रिग्रेशनच तोंडात येते.

मॅडमनी फळ्यावर ठिपके काढले. आडव्या अक्षावर एक गोष्ट, उभ्या अक्षावर दुसरी. “या ठिपक्यांमधून एकच सरळ रेषा काढायची आहे. कोणती काढाल?” त्यांनी विचारले. ज्याने त्याने आपापली पट्टी लावली आणि जितकी माणसे तितक्या रेषा निघाल्या. प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटत होती. मग मॅडम म्हणाल्या, “भांडू नका. कसोटी ठरवू.” प्रत्येक ठिपक्यापासून रेषेपर्यंतचे उभे अंतर मोजायचे. ठिपका वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. या अंतरांची नुसती बेरीज करून चालत नाही, कारण सरासरीच्या बिंदूतून जाणारी कोणतीही रेषा घ्या, अधिक-उणे एकमेकांना खाऊन बेरीज शून्यच येते. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा. वर्गाला उणे चिन्ह राहत नाही. या सर्व वर्गांची बेरीज जिच्यामुळे लहानात लहान येते ती रेषा खरी. अशी रेषा एकच निघते, मग ती कोणीही काढो. लघुतम वर्गांची रीत म्हणतात ती हीच.

वर्ग का, हे मला कळले ते मात्र घरी. माझा दादा कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर काम करतो. मुंबईतला लोखंडाचा व्यापार शहराबाहेर हलवावा म्हणून सिडकोने हा बाजार वसवला. त्याच्या आधाराने आमच्यासारखी किती तरी घाटावरची कुटुंबे इथे स्थिरावली. आबा पाटण तालुक्यातून आले आणि माथाडी झाले. दादाला मी वर्गाचे सांगू लागले तर तो हसला. “त्यात काय एवढं? सळईचं वजन कसं काढतात? व्यासाचा वर्ग भागिले १६२. एका मीटरचं वजन किलोत येतं. आठची सळई नि सोळाची सळई. जाडी दुप्पट, वजन चौपट. चारशे ग्रॅमला थोडी कमी ती, नि दीड किलोच्या वर ही.” मग क्षणभर थांबून म्हणाला, “म्हंजे लांबचा ठिपका जड पडतो. असंच ना?” असेच. पाचपट लांब असलेला ठिपका पंचवीसपट जड पडतो आणि रेषेला आपल्याकडे ओढतो. आमच्या वर्गात हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

या रितीचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मो येथे पियाझ्झी नावाच्या ज्योतिर्विदाला आकाशात एक नवी ज्योती दिसली. तिचे नाव सेरेस. काही आठवड्यांतच ती सूर्याच्या तेजात हरवली. हाती राहिली ती थोडी निरीक्षणे. त्यांवरून तिची कक्षा मांडून ती पुन्हा कुठे दिसेल हे सांगितले गाउस नावाच्या चोवीस वर्षांच्या जर्मन तरुणाने, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती सापडली. लघुतम वर्गांची रीत प्रथम छापली ती फ्रान्सच्या लजांद्रने, १८०५ साली. १८०९ मध्ये गाउसने लिहिले की आपण ती १७९५ पासूनच वापरत आहोत. त्यावरून दोघांत व्हायचे ते वितुष्ट झाले. मला मात्र त्या भांडणापेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. गाउसचा बाप गवंडीकाम, माळीकाम करून पोट भरणारा, आई जवळजवळ निरक्षर. ब्रन्सविकच्या ड्यूकने खर्च उचलला म्हणून पोरगा शिकला. म्हणजे ज्याच्या नावाने ही रेषा ओळखली जाते तो स्वतः कोणत्याही रेषेवर बसणारा नव्हता!

रिग्रेशन हा शब्द आला तो पुढे, फ्रान्सिस गाल्टनकडून. १८८६ साली त्याने २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुले यांच्या उंचीचा अभ्यास छापला. आईबाप सरासरीपेक्षा जितके उंच, त्याच्या दोन-तृतीयांशच मुले सरासरीने उंच निघाली. ठेंगण्यांचेही तसेच. पिढी पुन्हा मधल्या उंचीकडे वळते, या मागे वळण्याला त्याने रिग्रेशन म्हटले. आईबाप आणि मुले! ठिपक्यांचा खेळ सुरू झाला तोच मुळी घराघरांतून.

कुणी म्हणेल, हे सारे परदेशचे. तसे नाही. पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेची जुनी इमारत आहे, तिला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून तिथे आले. त्या खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे मूळचे केंब्रिजचे गणिती. १९०४ ते १९२४ या काळात त्यांनी जगभरच्या ठिकाणांचे वायुभार, तापमान, पाऊस यांचे आकडे गोळा केले आणि हिंदी कारकुनांच्या हातून हिशेब करवून घेऊन रिग्रेशनच्या समीकरणांनी मान्सूनचे भाकीत करण्याचा प्रयत्न केला. पुढे १९८८ मध्ये आपले पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी सोळा घटकांचे प्रारूप बांधले. त्यातील रेषा सरळ नव्हती, वळणाची होती, पण गतवर्षांच्या आकड्यांवरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधण्याचे तत्त्व तेच. बरीच वर्षे त्यावर अंदाज दिले गेले. २००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, आणि पाऊस पडला ८१ टक्के. पुढच्या वर्षी प्रारूप बदलावे लागले. रेषा भूतकाळावरून काढलेली असते. पुढचे वर्ष तिच्या धाकात राहील असे नाही, हे त्या दुष्काळाने शिकवले.

आता मूळ गोष्टीकडे येते. मॅडमनी घरून करून आणायला सांगितले होते, “कोणतेही सहा ठिपके घ्या, तुमच्या आजूबाजूचे.” मी आमच्या जिन्यातली तीन घरे घेतली. घरटी दोन मुले, सगळी अठराच्या पुढची. आडव्या अक्षावर वडिलांच्या शाळेची वर्षे, उभ्या अक्षावर मुलांच्या शिक्षणाची पूर्ण झालेली वर्षे. आमचे आबा चौथी. मी तेरा, दादा नऊ. समोरचे काका सातवी. त्यांची मुले बारा आणि पंधरा. खालचे काका दहावी. त्यांची मुले बारा आणि चौदा. वडिलांची सरासरी सात, मुलांची साडेबारा. हिशेब केला तर उतार एक-तृतीयांश आला. म्हणजे वडील तीन वर्षे जास्त शिकलेले असतील तर मूल एक वर्ष जास्त. चौथी शिकलेल्या बापाच्या मुलाला ही रेषा साडेअकरा वर्षे देते. मी रेषेच्या दीड वर्ष वर होते. दादा अडीच वर्षे खाली.

मग सहाही अंतरांची बेरीज केली. अधिक दीड, उणे अडीच, उणे अर्धा, अधिक अडीच, उणे दीड, अधिक अर्धा. शून्य. तशी ती यायचीच, हे पुस्तकात लिहिले आहे. रेषेच्या वरचे सारे मिळून जितके वर, तितकेच खालचे सारे मिळून खाली. पण पुस्तकातली ओळ वाचणे वेगळे आणि त्यात स्वतःच्या घराचे आकडे पाहणे वेगळे.

वर्गात वही दाखवली तेव्हा माझ्या मैत्रिणीने सुचवले, “तुझ्या दादाचा ठिपका काढून टाक ना. तो एकटाच इतका खाली आहे. विसंगत असलेला आकडा गाळतात कधी कधी.” तिच्या मनात काही वाईट नव्हते. मी कुतूहलाने तोही हिशेब करून पाहिला. दादाला गाळून पाच ठिपक्यांची रेषा काढली, तर ती जवळजवळ आडवी पडली! उतार शून्याच्याही किंचित खाली. म्हणजे काय? बाप चौथी शिकलेला असो की दहावी, मुलांच्या शिक्षणाला काही फरक पडत नाही, असे ती रेषा सांगू लागली.

वाचकहो, त्या दिवशी मी बराच वेळ त्या आडव्या रेषेकडे पाहत बसले. आपल्या महाविद्यालयात बसून कोणी असाच अभ्यास केला, वर्गावर्गांतून जाऊन प्रत्येकाला वडिलांचे शिक्षण विचारले, तर अशीच आडवी रेषा निघायची. प्राध्यापकाचा मुलगा दुसऱ्या वर्षात, माथाडीची मुलगीही दुसऱ्या वर्षात. सगळे समान. परंतु वर्गात आहेत ते फक्त इथवर पोहोचलेले ठिपके. न पोहोचलेले कोणी काट्यावर आहेत, कोणी गॅरेजमध्ये, कोणी लग्न होऊन सासरी. ते हजेरीपटावर नाहीत म्हणून रेषा आडवी. मॅडमना हे सांगितले तेव्हा त्यांनी आधी मला सावध केले. सहा ठिपक्यांनी काही सिद्ध होत नाही, आणि रेषा संबंध दाखवते, कारण सांगत नाही. मग म्हणाल्या, “पण ठिपका गाळण्याआधी तो तिथे का आहे हे विचारायचं असतं. लिहिताना चूक झाली असेल तर गाळा. खरा असेल तर त्याला गाळायचा अधिकार आपल्याला नाही.”

दादाचा ठिपका खरा आहे. तो दहावीत असताना माल उतरवताना आबांच्या पाठीला मार बसला आणि ते कित्येक महिने अंथरुणावर होते. माथाडींसाठी १९६९ चा कायदा आहे, मंडळ आहे, त्यामुळे घर अगदीच उघड्यावर पडले नाही. परंतु चार तोंडांचा रोजचा खर्च कायद्याने भागत नाही. मी तेव्हा पाचवीत होते. घरात कोणी बसून चर्चा केली, कोणी ठराव मांडला, असे मला आठवत नाही. एके दिवशी दादाचे दप्तर माळ्यावर गेले आणि माझ्यासाठी नवे आले, एवढेच. माझे अधिक दीड आणि त्याचे उणे अडीच यांचा संबंध गणिताने सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्या घरात तो सिद्ध करण्याची गरज कोणाला वाटत नाही.

मी वही दादासमोर ठेवली. न ठेवावी असे आईचे मत होते. ती म्हणाली, “कशाला त्याच्या जखमेवर बोट ठेवतेस?” दादाने मात्र आकृती नीट पाहिली, आपला ठिपका शोधला आणि त्यावर बोट टेकवून विचारले, “ह्यो मी?” मी हो म्हटले. मग तो काही वेळाने म्हणाला, “मला काढून टाकल्यावर रेघ खोटं बोलाय लागली म्हणतीस. मग ऱ्हाऊ दे की मला.” एवढे बोलून तो रात्रपाळीला निघून गेला.

विद्येने माणूस मोठा होतो, असे आपण निबंधात लिहीत आलो. ते खोटे नाही. पण जो मोठा होतो त्याच्या ठिपक्याखाली एक रिकामी उभी जागा असते. तिथे कोणाची तरी वर्षे गेलेली असतात. पहिल्या पिढीतून शिकायला आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना त्या जागेचे नाव ठाऊक आहे. कुणाची थोरली बहीण, कुणाचा भाऊ, कुणाची आई. गुणपत्रिकेवर ते नाव छापत नाहीत. आकृतीत निदान ठिपका तरी असतो.

शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. तो मी चौकशी करून आणला आहे आणि घड्याळाखालच्या फळीवर ठेवला आहे. दादाने तो वाचला, हे मला त्याच्या घडीवरून कळले. भरलेला नाही. मी आग्रह करत नाही, कारण बारा तासांच्या पाळीनंतर पुस्तक उघडणे काय असते ते मला ठाऊक नाही, त्याला ठाऊक आहे. हिशेब मात्र मी करून ठेवला आहे. त्याची वर्षे नवाची दहा झाली तर आमच्या टोकाची रेषा साडेअकरावरून जवळजवळ बारावर येते. एका ठिपक्याने एक पायरी चढायची आणि रेषेनेही त्याच्यासोबत थोडे वर यायचे, अशी ही रीत आहे.

(द्वितीय वर्ष कला)