दोन रकान्यांची वही

चाळीस वर्षं मी शहापुरातल्या एका सुताच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. त्यामुळं घरात कसलाही हिशेब निघाला की तो माझ्याकडं येतो. दुधाचा, विजेच्या बिलाचा, लग्नातल्या आहेराचा. पण नातीला किती शब्द येतात याची वही घालायची वेळ येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आमचं घर तसं चारचौघांसारखंच. चारचौघं म्हणजे बेळगावातली. मुलगा उद्यमबागेत नोकरीला, सून धारवाडची, माहेर शुद्ध कानडी. लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली, पण मुलगी गुणी होती आणि ही तेव्हा हयात होती. हिनं एका वाक्यात विषय संपवला, "तिला स्वयंपाक कुठल्या भाषेत येतो ते सांगा." पुढं ही गेली. नातीचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. मुलगा सकाळी आठला बाहेर पडतो, सून आतल्या खोलीत संगणकावर ऑफिसचं काम करते. तेव्हा दिवसभर घरात मराठी बोलणारा मी एकटा, आणि माझं ऐकणारी नात एकटी. तिला आम्ही चिमणी म्हणतो.

चिमणी सव्वादोन वर्षांची झाली तरी बोलेना. म्हणजे अगदीच मुकी नव्हे. हवं ते बोटानं दाखवायची, हात धरून न्यायची, चार-दोन शब्द तोडके बोलायची. शेजारची तिच्या बरोबरीची पोरं मात्र भांडायला लागली होती. मुलगा-सून तिला डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी चौकशी केली, घरात दोन भाषा आहेत असं कळल्यावर मान हलवली आणि सांगितलं, "पोर गोंधळलंय. एकच भाषा ठेवा."

त्या रात्री जेवण झाल्यावर मुलगा माझ्या खाटेशी येऊन बसला. बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. मग म्हणाला, "अप्पा, थोडे दिवस तुम्ही तिच्याशी मराठी बोलू नका की. आईची भाषा कन्नड, शाळाही त्याच बाजूची पडणार. तुम्हाला येतंय की तेवढं कानडी."

येतंय की! चाळीस वर्षं बाजारात काढल्यावर येणारच. पण माझं कानडी म्हणजे 'येष्टु?' आणि 'कम्मी माडरी'. त्या भाषेत सुताचा भाव ठरवता येतो, नातीला चिमणी दाखवता येत नाही. मी "बरं" म्हणालो. पोरीच्या भल्याचं होतं. नाही कसं म्हणणार? मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला घरात गप्प बसवणं फारसं अवघड नसतं, हे त्या दिवशी समजलं.

आता पुस्तकांकडं येतो. माझ्या भाचीनं परदेशातून चिमणीसाठी एक इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. एरिक कार्ल नावाच्या चित्रकाराचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', १९६९ सालचं. जगभर गाजलेलं आहे म्हणे. त्यात एक खादाड अळी आहे. ती सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, असं करत आठवडाभर खात सुटते आणि शेवटी तिचं फुलपाखरू होतं. गंमत अशी की तिनं खाल्लेल्या प्रत्येक फळाला पानात खरंखुरं भोक पाडलेलं आहे. चिमणीनं आधी ते पुस्तक चाखलं, मग उलटं धरलं, आणि एक दिवस तिला भोकातून बोट घालायचा शोध लागला. त्यानंतर दुपारी दोन वाजले की ती पुस्तक घेऊन माझ्या मांडीत येऊन बसायची.

इंग्रजी वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. मी आपलं मराठीत सांगायचो. पेअर आमच्याकडं कोण खातं? चित्रात ते हिरवं, बुडाशी फुगीर फळ, म्हणून मी त्याला पेरू केला. प्लम जांभळ्या रंगाचे, त्यांची जांभळं केली. अळी फुलपाखरू होऊन उडाली की पुस्तक मिटायचं आणि वर थाप मारून म्हणायचं, "संपलं!"

बोलायचं बंद झाल्यावरही ती दोनच्या ठोक्याला आली. तिला काय ठाऊक, घरात काय ठरलंय ते! मी पुस्तक उघडलं. पानं उलटत गेलो, बोटानं दाखवत गेलो, तोंड मात्र मिटलेलं. ती एकदा चित्राकडं, एकदा माझ्या तोंडाकडं बघायची. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी फुलपाखरू उडालं, मी पुस्तक मिटलं, थाप मारली आणि थांबलो. तीही थांबली. माझ्या ओठांकडं बघत बसली. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग माझ्या हातावर आपला हात आपटून ती म्हणाली, "संप्पं!"

मी पुस्तक बाजूला ठेवून मोरीत गेलो आणि तोंड धुऊन आलो.

हे मी संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण सून म्हणाली, "मामा, आपण दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या." ती स्वतः चौकशी करून आम्हाला हुबळीच्या एका वाचातज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेली. या बाईंनी आधी चिमणीच्या कानांची तपासणी करून घेतली. ऐकू नीट येतं याची खात्री केली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दोन भाषांमुळं मूल उशिरा बोलत नाही. बोलण्यात खरी अडचण असेल, तर ती दोन्ही भाषांत दिसते, आणि एक भाषा काढून घेतल्यानं ती जात नाही. आधी सांगा, तिला शब्द किती येतात?" आम्ही तिघंही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. मुलगा मराठीतले मोजत होता, सून कन्नडमधले. बेरीज कुणीच केली नव्हती. बाई हसल्या. म्हणाल्या, दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द यावेत असा एक ढोबळ अंदाज असतो, पण मोजायचे ते दोन्ही भाषांचे मिळून.

बेरीज केली नाही! पेढीवर असं झालं असतं तर मालकांनी मला घरी बसवलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी नवी वही आणली, दोन रकाने आखले आणि शब्द ऐकू येईल तसा टिपायला लागलो. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड. 'भूभू' कुठं लिहायचं यावर माझा आणि सुनेचा वाद झाला. तो शेवटी मधल्या रेघेवर लिहिला. 'अज्जा' तर दोन्हीकडचाच, कारण आमच्या गल्लीत मराठी पोरंही आज्जाच म्हणतात. पंधरा दिवसांनी तेरीज काढली. मराठी एकोणीस, कन्नड चोवीस, रेघेवरचे तीन. सेहेचाळीस. म्हणजे पोर मागं होतं, पण थोडंच. फक्त तिचं भांडवल दोन पेढ्यांवर विभागलेलं होतं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला झोंबली. मी पुस्तक कसं दाखवतो हे त्यांनी करून दाखवायला लावलं. मी सुरू झालो, "हे काय? आणि हे काय? रंग कुठला?" त्या म्हणाल्या, "आजोबा, हे हिशेब तपासणीसासारखं झालं. तुम्ही काहीतरी बोला, मग गप्प राहा. मनातल्या मनात दहा मोजा. ती जे म्हणेल त्याला एक शब्द जोडून परत द्या." ती 'पेरू' म्हणाली की आपण 'हिरवा पेरू' म्हणायचं, इतकं साधं. पुढं मुलानं शोधून सांगितलं, की १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच करून बघितलं होतं. आईबापांनी महिनाभर चित्रांची पुस्तकं नुसती वाचून न दाखवता मुलांना बोलतं करत वाचली, तर ती मुलं बोलण्यात पुढं गेली. असेल. मला मात्र ते दहा आकडे मोजणं फार जड गेलं. म्हातारपणी माणसाला बोलायची घाई असते.

तर माझं मराठी मला परत मिळालं. एका रविवारी सुनेनं तेच अळीचं पुस्तक चिमणीला कन्नडमध्ये सांगायला घेतलं. मी पेपर वाचत होतो. बुधवारच्या पानावर ती म्हणाली, "नेरळे हण्णु." मी पेपर खाली केला. नेरळे म्हणजे जांभूळ! मी विचारलं, "आणि मंगळवारी काय खाल्लं?" ती म्हणाली, "पेरल हण्णु." म्हणजे पेरूच. आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता परदेशातली फळं आपल्या बाजारातली करून टाकली होती, आणि तीही तीच. शेवटी अळीचं फुलपाखरू झालं, त्याला ती धारवाडी तोऱ्यात 'पातरगित्ती' म्हणाली. द. रा. बेंद्र्यांची त्या नावाची कविता आहे, असंही सांगितलं. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, आणि १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नडसाठी. हे मला ठाऊक होतं. सुनेला मी ठाऊक असल्याचं दाखवलं नाही, एवढंच.

खरी पंचाईत पुढं झाली. सुनेनं बेंगळुरूच्या प्रथम बुक्सची काही पुस्तकं मागवली. २००४ साली सुरू झालेली ही संस्था एकच पुस्तक अनेक भाषांत काढते. चित्रं तीच, खालची ओळ तेवढी बदलते. तिनं प्रत्येक पुस्तक दोन्ही भाषांत घेतलं. शिवाय माधुरी पुरंदऱ्यांची 'राधाचं घर' मालिका आणली, तीही स्वतः वाचून दाखवते. शाळेत हिंदी असल्यामुळं तिला देवनागरी येते. मला मात्र कन्नड लिपी येत नव्हती. जन्म बेळगावातला, बोर्ड कन्नडमध्ये, बसच्या पाट्या कन्नडमध्ये, आणि मी कंडक्टरला विचारून बसमध्ये चढणारा माणूस.

ते न येणं अपघाताचं नव्हतं. १९८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. मोर्च्यात होतो. बेळगावच्या माणसाला त्या जूनचं वेगळं सांगायला नको. ते अक्षर शिकायचं नाही, असं मी तेव्हा मनाशी ठरवलं आणि पाळलं. सीमाप्रश्नाबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. ते बदलायचं काही कारण नातीनं दिलेलं नाही. तिनं फक्त कन्नड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "अज्जा, ओदु." वाच.

मी चित्रं बघून मराठीत सांगायला लागलो. तिनं पुस्तकावर हात ठेवला. "हे नाही. अम्मा वेगळं." मी बाजारचं कानडी जुळवून काहीतरी ठोकून दिलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की खोट्या नोंदीवर बोट ठेवणाऱ्या मालकांची आठवण झाली. मग तिनं पुस्तक उचललं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

त्या दुपारी मला चांदोबा आठवला. मराठी चांदोबा १९५२ सालचा, म्हणजे माझ्याच वयाचा. शेजारी एक कानडी कुटुंब होतं, त्यांच्याकडं कन्नड चंदमामा यायचा. दोन्ही मद्रासला तयार झालेले. त्यांचा मुलगा आणि मी कट्ट्यावर दोन्ही अंक शेजारी-शेजारी उघडून बसायचो. विक्रम-वेताळाचं चित्र दोघांकडं तेच, राजाच्या खांद्यावरचं प्रेतही तेच. मी त्याला माझ्याकडची गोष्ट सांगायचो, तो मला त्याच्याकडची. आणि कुणी काही गाळलं तर दुसरा चित्रावर बोट ठेवून पकडायचा. दहा वर्षांच्या त्या पोराला ती अक्षरं परकी वाटली नव्हती. नंतर केव्हा वाटायला लागली ते माहीत आहे, वर लिहिलंच आहे.

रात्री सून भांडी आवरत होती. मी म्हणालो, "ते अळीचं नको, ती दोन भाषांतली पुस्तकं कुठं ठेवलीस?" तिनं काही न विचारता आणून दिली. मी मराठी प्रत डावीकडं ठेवली, कन्नड उजवीकडं. ज्या पानावर नावं असतील ती नावं दोन्हीकडं सारखीच असणार, तिथून धागा धरला. वर्णमालेचा क्रम आपलाच, अ आ इ ई, क ख ग घ. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे दोन पाहुणे जास्तीचे. आपला ळ तिकडंही आहे, हे बघून बरं वाटलं. ती गोल गोल अक्षरं मी वहीच्या मागच्या पानावर गिरवू लागलो. र काढताना हात थरथरायचा. मांडलेल्या गाडग्यावर झाकणी तिरकी ठेवल्यासारखा तो दिसतो. दोन महिने लागले. सुनेनं मुलाला सांगितलं असणार, पण घरात त्यावर कुणी अक्षर काढलं नाही.

मग एका दुपारी कन्नड पुस्तक मीच मागितलं. चिमणीनं संशयानं दिलं. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचू लागलो. एक ओळ संपेपर्यंत तिनं दोन जांभया दिल्या. चौथ्या पानावर अडलो, तर तिनं पाठ असलेला पुढचा शब्द मला सांगितला, आणि पुढच्या पानावर मी पुन्हा अडायची वाट बघत बसली. बाईंनी तिलाही दहा मोजायला शिकवलं असावं.

वही आता बंद केली आहे. शब्द इतके झाले की टिपता टिपता हात दुखायला लागला, आणि तीन वर्षांची होता होता ती एका वाक्यात दोन्ही भाषा घालून माझ्याशी भांडायलाही लागली. परवा तिला घेऊन बाजारात गेलो होतो. रस्त्याच्या पलीकडं एक पाटी होती. "अज्जा, ते काय लिहिलंय?" मी चष्मा सारखा केला आणि अक्षर लावलं, "हण्णिन अंगडी. फळांचं दुकान." ती पाटीकडं बघतच नव्हती. टाच उंचावून टोपल्यांमध्ये डोकावत होती.

"जांभळं नाहीत," ती म्हणाली.

"आता कुठली बाळ? पावसाळा आला की येतात."

"नेरळे?"

"तीही नाहीत," मी म्हणालो आणि आम्ही दोन पेरू घेऊन घरी आलो.