निरोधची पेटी काढली, त्याबद्दल

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याबाहेर, केसपेपरच्या खिडकीशेजारी, एक पत्र्याची पेटी होती. वर लाल त्रिकोण, खाली 'निरोध, मोफत' असं रंगवलेलं. झाकण उचलायचं, हवं तेवढं घ्यायचं आणि चालू पडायचं. मागच्या महिन्यात ती काढली. शाळेची पोरं त्या रस्त्यानं जातात, निरोधचे फुगे करून खेळतात, बघायला बरं दिसत नाही, अशी तक्रार गेली होती म्हणे. गावच्या ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा पटापट अंगठे पडले. एकानं लिहिलं, 'ज्याला पाहिजे तो मेडिकलमधून घेईल की.'

ते मेडिकल माझं आहे. त्याच रस्त्याला, एकवीस वर्षं झाली. पेटी गेली म्हणजे माझा खप वाढणार, तेव्हा धंद्याच्या हिशेबानं मी गप्प बसायला हवं. पण 'मेडिकलमधून घेईल की' हे वाक्य मला दोन दिवस टोचतंय. काउंटरच्या आतल्या बाजूनं काय दिसतं ते लिहितो.

पुरुष गिऱ्हाईक येतं. दुकानात दोन माणसं असतील तर ते आधी डोकेदुखीची गोळी मागतं. ती घेऊन बाजूला उभं राहतं, मोबाइल बघतं. दुकान रिकामं झालं की म्हणतं, 'शेठ, ते द्या एक.' ते म्हणजे काय हे मला कळतं. कागदात गुंडाळायचं, काळ्या पिशवीत घालायचं, तेव्हा कुठं ते खिशात जातं. मध्येच कुणी चुलता-मामा दुकानात शिरला तर गिऱ्हाईक डोकेदुखीची गोळीच घेऊन घरी जातं. त्या रात्री काय होत असेल याचा विचार तुम्हीच करा.

बायका? एकवीस वर्षांत किती बाईमाणसांनी माझ्याकडे कंडोम मागितला ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येईल. पण पेटीतून नेताना मी बायकांना पाहिलंय. तिन्हीसांजेनंतर, पदर डोक्यावर घेऊन, पटकन मूठभर. ऊसतोडीच्या हंगामात तर जास्तच. त्या बायकांची गावाकडची आशाताई शंभर-दोनशे किलोमीटरवर राहिलेली असते, इथली आशाताई त्यांना ओळखत नाही आणि माझ्या काउंटरवर त्या येणार नाहीत. पेटीला त्यांचं नाव-गाव नको होतं.

गावात एक नवीन चाल पडलीय. कंडोमपेक्षा ७२ तासांतली गोळी जास्त मागतात. एक लग्न झालेला तरणा गडी महिन्यात तिसऱ्यांदा ती गोळी घ्यायला आला, तेव्हा मी पाकीट पुढं केलं. म्हटलं, 'भाऊ, हे घेऊन जा. ती गोळी अडीनडीची आहे, रोजची नाही. सारखी खाल्ली की पाळीचं वेळापत्रक बिघडतं आणि भरवसाही कमी.' तो हसून म्हणाला, 'यात मजा नाही हो शेठ. आणि गोळी तर तीच खाती की.'

गोळी तर तीच खाती की. देशाचा सगळा कुटुंबनियोजन कार्यक्रम या पाच शब्दांवर चाललाय असं मला कधीकधी वाटतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं. पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. कंडोम ९.५ टक्के. आणि त्याच पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं की गर्भ राहू न देणं हे बाईचं काम आहे. म्हणजे बाईनं पोट फाडून घ्यायचं, तांबी बसवून घ्यायची, गोळ्या खायच्या. आणि पुरुषानं रबराची एक पिशवी चढवायची म्हटली तर त्याची मजा जाते. २०१४ साली छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरांत ऑपरेशन झालेल्या तेरा बायका दगावल्या. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं असली शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. कंडोम लावून कुणी दगावल्याचं मी ऐकलेलं नाही.

यात 'आपली संस्कृती' मध्ये आणणाऱ्यांना महाराष्ट्राचाच इतिहास माहीत नसतो. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी काढलं. म्हणजे आपण मागं नव्हतो, बरोबरीनं होतो. गणिताचा प्राध्यापक माणूस, या कामापायी नोकरी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, पदरचे पैसे घातले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, पण मासिक बंद केलं नाही. शंभर वर्षांनी आपण एक पत्र्याची पेटी काढून संस्कृती वाचवतोय.

आणि निरोध मुळात मेडिकलात लपवून ठेवायची वस्तू नव्हतीच. सरकारनं १९६८ साली तो बाजारात आणला तेव्हा तीन नग पंधरा पैशांना होते, आणि वाटायचं काम दिलं होतं ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, युनियन कार्बाइड असल्या कंपन्यांना. का? तर त्यांचा चहा, साबण, बॅटरी खेडोपाडी पोचत होती. ज्या गाडीतून चहापत्ती येते त्याच गाडीतून निरोध यावा, किराणा दुकानात साबणाशेजारी दिसावा, हा हिशेब होता. ज्यानं कुणी काढला त्याला माणसं कळत होती. आणि २०१७ साली टीव्हीवरची जाहिरातसुद्धा रात्री दहा ते पहाटे सहा याच वेळेत दाखवा म्हणून सरकारी सूचना निघाली होती.

बरं, मिळतं कुठं? विकत घ्यायचं तर कुठल्याही मेडिकलमध्ये, चिठ्ठी लागत नाही. वस्तूवर जीएसटी शून्य आहे. तुमचं लग्न झालंय का, आधार दाखवा, असं विचारायचा अधिकार मला नाही आणि दुसऱ्या कुठल्या दुकानदारालाही नाही. फुकट हवं असेल तर उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, सिव्हिल. एचआयव्ही तपासणीच्या केंद्रातही मिळतात. आशाताईकडे घरपोच द्यायची योजना २०११ साली सुरू झाली, तिच्यात तीन नगांचं पाकीट १ रुपयाला ठरलं होतं. पण आमच्या भागातल्या एका आशाताई माझ्याशी बोलताना म्हणाल्या ते ऐका. 'दादा, मी पाकीट बाईच्या हातात देते. ती ते पेटीत साड्यांखाली ठेवते. पुढच्या वेळी जाते तर तसंच. नवऱ्याला सांगायचं कुणी? मी परक्या पुरुषाला कसं सांगू?' निरोध वापरायचा पुरुषानं आणि सगळी वाटप-यंत्रणा बाईपासून बाईपर्यंत. ती पेटी तेवढी पुरुषाच्या हाताला लागत होती, तीही गेली.

ऑनलाइन मागवा म्हणणारे शहरातले. आमच्याकडे पार्सल आलं की ते आधी बाप उघडतो.

आता वापराबद्दल. हे मला रोज दबक्या आवाजात विचारतात, म्हणून इथं मोठ्यानं सांगतो. 'कंडोम भरवशाचा नाही' असं म्हणतात. आकडे असे आहेत, की प्रत्येक वेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात शंभर बायकांपैकी दोघींना दिवस जातात. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा धरला तर तेरा जणींना. मधल्या अकरांतला मोठा दोष रबराचा नाही, 'आज असू दे' म्हणण्याचा आहे. उरलेला तेलाचा. खोबरेल तेल, व्हॅसलीन, मालिशचं तेल लावलं की लेटेक्स कमजोर होतं आणि फाटतं. ओलावा हवा असेल तर पाण्याचं जेल मिळतं, तेच लावा. दोन एकावर एक चढवले की जास्त सुरक्षित असं पोरांना वाटतं. उलट आहे, घासून फाटतात. पाकिटात, मोटरसायकलच्या डिक्कीत महिनोन्‌महिने ठेवू नका, उन्हानं खराब होतो. तारीख बघा. पाकीट दातानं फोडू नका. टोकाला चिमटीत धरून हवा काढा, सुरुवातीपासून लावा, शेवटी शेवटी नाही. बाहेर येताना बुडाशी धरा. एकदा वापरलेला पुन्हा नाही. आणि संडासात टाकू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. फुग्यांचा प्रश्न तिथंच निम्मा सुटेल.

गर्भ आणि गुप्तरोग दोन्ही अडवणारी वस्तू हीच. तांबी, गोळी, ऑपरेशन, यातलं काहीही एचआयव्ही अडवत नाही. बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांच्या घरी हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

बायकांसाठीही कंडोम येतो, आतून बसवायचा. थोडी सवय लागते, फसण्याचं प्रमाण पुरुषांच्या कंडोमपेक्षा जास्त, नेहमीच्या वापरात शंभरात एकवीस. पण ज्या बाईचा नवरा ऐकत नाही तिच्या हातात काहीतरी राहतं, ही त्याची खरी किंमत. मी दोनदा ठेवला, मुदत संपून परत गेला, कारण ही वस्तू असते हेच कुणाला ठाऊक नाही. सांगितलं तर मागवून देतो. एकाच वेळी दोघांनी मात्र वापरायचा नाही. गर्भाशयाच्या तोंडाला बसवायची रबराची टोपी, डायफ्रॅम, पुस्तकात सगळीकडे आहे, माझ्या दुकानात कधी आली नाही. आत ठेवायच्या शुक्राणुनाशक गोळ्या येतात. एकट्या त्यांच्यावर विसंबू नका. शिवाय ज्यांना एचआयव्हीचा धोका आहे त्यांनी त्या वारंवार वापरू नयेत, आतल्या त्वचेला इजा होऊन धोका वाढतो.

पेटी परत लावा म्हणून मी अर्ज लिहिलाय. शाळेच्या बाजूला नको असेल तर आत लावा, पुरुषांच्या मुतारीच्या भिंतीला लावा, बायकांची वेगळी लावा. रोज भरा आणि कुणी किती नेले ते मोजत बसू नका. अर्ज काउंटरवर आहे. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात, त्यातल्या सात बायकांच्या. ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांपैकी दोघे परवा काळी पिशवी घेऊन गेले, सही न करता. नावं सांगणार नाही, धंद्याचा नियम आहे.

फाटला तर काय, हेही विचारतात. घाबरून दोन दिवस घालवू नका. ७२ तासांच्या आत गोळी, जितकी लवकर तितकी चांगली. हे अडीनडीला, त्या गड्यासारखं नाही. पाळी चुकली तर घरी तपासणी करा आणि थेट डॉक्टरकडे जा. गर्भपाताच्या गोळ्या आमच्यासारख्याकडं चिठ्ठीशिवाय मागू नका, मिळणार नाहीत आणि कुणी दिल्या तर घेऊ नका. कायदा बाईच्या बाजूनं आहे. २०२१ च्या दुरुस्तीपूर्वी, साधन फसलं म्हणून गर्भपात करायची सवलत कायद्याच्या शब्दांत लग्न झालेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला होती. आता तिथं 'बाई किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आहेत. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बाई अठरा पूर्ण असेल तर सही तिची एकटीची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. डॉक्टरनं तिचं नाव बाहेर सांगायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. कुणी 'नवऱ्याला घेऊन या, मग बघू' म्हणालं तर हे सांगा आणि तरी ऐकलं नाही तर दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात जा. सिव्हिलला सोय असते.