स्टेशनपासून पंधरा मिनिटं

१९९४ साली माझ्या वडिलांनी बडोदं एका दिवसात पाहिलं आणि नापास केलं.

मी तेव्हा इंदूरला चित्रकला शिकत होते आणि पुढे बडोद्याला जायचं वेड डोक्यात घेतलं होतं. वेड अगदीच निराधार नव्हतं. ना. श्री. बेंद्रे मूळचे आमच्या इंदूरचे. देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये काढलेल्या चित्रशाळेत शिकले आणि १९५० मध्ये बडोद्याच्या नव्याकोऱ्या ललित कला शाखेत चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. म्हणजे वाट आधीच मळलेली आहे, असं माझं म्हणणं. नाना गेले, फिरून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "विद्यापीठाला धड कुंपण नाही. एका इमारतीतून दुसरीत जायचं तर गावचा रस्ता ओलांडायचा. आणि स्टेशन अगदी उशाला. स्टेशनजवळ मुलीने राहायचं नाही."

विषय संपला. मी इंदूरलाच राहिले, बी. एड. केलं, गेली पंचवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. तक्रार नाही. पण मागच्या वर्षी लेकीने कलेतिहासात पुढचं शिक्षण घ्यायचं ठरवलं आणि हैदराबाद व बडोदा ही दोनच नावं कागदावर उरली, तेव्हा मी मनात म्हटलं, आता मी नानांसारखं करणार नाही. केलं अगदी तसंच.

आधी हैदराबाद पाहिलं. हैदराबाद विद्यापीठ १९७४ सालचं, गच्चीबावलीला, सुमारे २३०० एकरांचं म्हणून सांगतात. माझी मावसबहीण काचीगुड्याला राहते. "हैदराबादला आपलं माणूस आहे" हा आमच्या घरातला मोठा मुद्दा होता. तो पहिल्याच सकाळी निकालात निघाला. मेट्रो रायदुर्गला संपते, पुढे रिक्षा. घरातून निघून विद्यापीठाच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत दीड तास गेला. आपलं माणूस त्याच शहरात असणं आणि हाकेच्या अंतरावर असणं यात किती फरक असतो, ते घाम पुसताना कळलं.

फाटकावर पहारेकरी, वहीत नाव, ओळखपत्र. लेकीचे बाबा खूष. "किल्ला आहे किल्ला," म्हणाले. आत गेल्यावर मीही खूष झाले, खोटं कशाला सांगू. दख्खनचे ते एकावर एक ठेवल्यासारखे गोल खडक, मध्ये तळं, झुडपांतून मोरांचा आवाज. शहर मागे राहिलं हे कानांनाच आधी कळलं. याच हिरवळीला लागून असलेल्या ४०० एकरांवरून २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थी आंदोलनाला उतरले आणि सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली, हे बातम्यांत वाचलं होतं. तिथे उभं राहिल्यावर ती मुलं कशासाठी भांडली ते न सांगता समजलं.

मग लेक म्हणाली, "चालू या." फाटकापासून मुलींच्या वसतिगृहाकडे आम्ही अर्ध्या तासाहून जास्त चाललो. रस्ता चांगला, झाडं छान, आणि बराच वेळ समोरून एकही माणूस नाही. दुपारचे अकरा वाजले होते. रात्रीचे अकरा कसे असतील, हा विचार मी केला. लेकीच्या बाबांनीही केला असावा, कारण त्यांचा किल्ला हळूहळू गप्प झाला.

वसतिगृहाशी नांदेडकडची एक मुलगी भेटली. मराठी ऐकून स्वतःहून थांबली. ती म्हणाली, "काकू, आत भीती नाही वाटत. सगळ्यांकडे सायकल आहे. वसतिगृहं, लायब्ररी आणि शॉपकॉम, एवढ्या टापूत रात्री उशिरापर्यंत मुलं-मुली असतात. पलीकडच्या रिकाम्या रस्त्याने आम्ही एकटं जात नाही. आणि पावसाळ्यात बॅटरी लागतेच, साप असतात." शॉपकॉम म्हणजे आवारातली दुकानं आणि खाण्याच्या टपऱ्या. आम्ही तिथे जाऊन बसलो. गजबज होती. लेकीने वहीत काहीतरी लिहिलं.

परत निघताना फाटकाबाहेरचा मोठा रस्ता ओलांडायचा होता. जुना मुंबई महामार्ग तो. वाहनं थांबायला तयार नाहीत, आम्ही दहा मिनिटं कडेला उभे. सगळ्या दिवसात मला खरी भीती वाटली ती त्या दहा मिनिटांत. पण "मुलगी सुरक्षित राहील ना?" असं विचारताना आपण गाड्यांबद्दल कधीच विचारत नाही.

बडोद्याला आम्ही दोघीच गेलो. रात्रीची शांती एक्सप्रेस, रतलाम-दाहोद-गोध्रा करत सकाळी बडोदं. सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडलो आणि पाच-सात मिनिटांत कला शाखेचा तो प्रचंड घुमट दिसायला लागला. १८८१ चं बडोदा कॉलेज, इमारत चिझमची. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. सहशिक्षणाच्या विद्यापीठाची कुलगुरू झालेली देशातली पहिली स्त्री. ज्या विद्यापीठाची सुरुवातच बाईच्या हातून झाली, तिथे मुलीने राहायचं नाही असं नानांना वाटावं! आणि तो घुमट बघत असतानाच माझ्याही मनात पहिली गोष्ट काय आली? स्टेशन फारच जवळ आहे.

नानांचं वर्णन मात्र चुकीचं नव्हतं. हे विद्यापीठ गावात विरघळलेलं आहे. कला, विज्ञान एका बाजूला. ललित कला कमाटीबागेजवळ. अभियांत्रिकी पार राजमहाल रोडला, कलाभवनात. संगीत-नाट्य सुरसागरच्या काठी. मधून रिक्षा, स्कूटर, शाळेची मुलं, भाजीवाले. फाटकं आहेत, पण दोन फाटकांच्या मधला रस्ता सगळ्यांचा.

उतरलो होतो दांडिया बाजारात, लेकीच्या बाबांच्या आत्याकडे. आत्यांचं घर जुन्या मराठी वस्तीतलं, त्यांची मराठीही बडोद्याचीच. मला म्हणाल्या, "तुला फावेल की नाही हा प्रश्नच नाही. तिला फावलं पाहिजे. चालून बघा ना, सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री बघा."

आम्ही तसंच केलं. लेकीने खोली शोधायला सुरुवात केली फतेहगंजमध्ये, कारण तिथून ललित कला शाखा चालण्याच्या अंतरावर. पहिलं एक खासगी वसतिगृह पाहिलं. चकचकीत, जागोजागी कॅमेरे, पाटीवर 'पूर्ण सुरक्षित'. मला पसंत. मग कळलं, संध्याकाळी साडेसातला दार बंद. "आणि मुलांच्या वसतिगृहाचं?" लेकीने विचारलं. बाई हसल्या. लेक म्हणाली, "म्हणजे सुरक्षित मी नाही, तुमचं दार आहे." मी तिला दटावलं. बाहेर आल्यावर मात्र विचार करत राहिले. साडेसातनंतर लायब्ररी नाही, व्याख्यान नाही, स्टुडिओतल्या मैत्रिणीचं काम बघणं नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या मुलींनी याच नियमांविरुद्ध 'पिंजरा तोड' चळवळ सुरू केली, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचून "काहीतरीच" म्हणाले होते.

दुसरी खोली एका एकट्या राहणाऱ्या गुजराती बाईंकडे. त्यांनी भाड्याच्या आधी भिंत दाखवली. तळमजल्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक फिकट रेघ होती. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला, त्याची ती खूण. त्या वेळी मगरी वस्तीत आल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. नदीत त्या पूर्वीपासून आहेतच. बाई म्हणाल्या, खोली वरच्या मजल्यावरची देते, खालची कुणालाच देत नाही. ही रेघ रंगवून टाकणं त्यांना सहज जमलं असतं. मला त्या बाई तिथेच आवडल्या. संध्याकाळी आत्यांना सांगितलं तर त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: पाणी चढलं की काळाघोड्याचा पूल बंद होतो, आणि दांडिया बाजार नदीच्या अलीकडे, विद्यापीठ पलीकडे. "तेव्हा आत्या जवळ आहे म्हणून निर्धास्त राहू नको," म्हणाल्या. काचीगुड्याचा धडा पुन्हा एकदा.

दुपारी दोनला चाललो. मे महिना, बडोद्याचं ऊन. एका बाजूला कडुनिंबाची सावली सलग, दुसऱ्या बाजूला फूटपाथ आहे पण त्यावर दुचाक्या लावलेल्या, म्हणून मधूनमधून रस्त्यावर उतरावं लागतं. लेकीने वहीत लिहिलं, 'जाताना डावी बाजू'.

रात्री नऊला पुन्हा निघालो. फतेहगंजला जायचे दोन रस्ते. जवळचा बारा मिनिटांचा, पण त्यातली तीन-चार मिनिटं एका लांबलचक भिंतीच्या कडेने. दिवे दोन, त्यातला एक बंद. दुसरा पाच मिनिटं लांबचा, पण सेव-उसळीच्या गाड्या, औषधाचं दुकान, झेरॉक्सवाला, आईस्क्रीम खाणारी कुटुंबं. मला एकदम आमचा सराफा आठवला. इंदूरला रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात आणि बारा वाजता आपण आजी-नातवंडांसकट तिथे भुट्ट्याचा कीस खात उभे असतो. ना फाटक, ना पहारेकरी. तरी मी माझ्या मुलीला तिथे कधी "हात धर" म्हटलं नाही. हैदराबादच्या त्या शॉपकॉमलाही हेच होतं. भिंतीच्या आत असो की बाहेर, माणसं जिथे आपापल्या कामाने रेंगाळतात तिथे माझा जीव शांत होता. आणि भिंत कितीही उंच असली तरी रिकाम्या रस्त्यावर नव्हता. लेकीने 'व्हाय लॉइटर?' नावाचं मुंबईतल्या बायकांबद्दलचं पुस्तक वाचलंय, ती म्हणाली हे त्यात आहेच. असेल. मला चालून कळलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "आता मी एकटी जाऊन येते. तू इथे थांब."

"कशाला? आत्ताच तर पाहिलं."

"तुझ्याबरोबर पाहिलं. मी इथे तुझ्याबरोबर राहणार नाहीये, आई."

फोन खिशात ठेवला आणि गेली. मी चहाच्या गाडीशी उभी. खरं सांगते, चहाची चव आठवत नाही. जायला सतरा मिनिटं, यायला सतरा. विसाव्या मिनिटाला मी पर्समधून फोन काढला, परत ठेवला. चहावाल्याने बहुतेक असल्या आया पुष्कळ पाहिल्या असाव्यात. म्हणाला, "बेन, रोज जातात मुली इथून. अकरापर्यंत मी आहेच." एकतिसाव्या मिनिटाला मला भिंतीकडच्या रस्त्यावर निळा कुर्ता दिसल्यासारखं वाटलं आणि मी चार पावलं धावले. ती कुणी दुसरीच होती. आमची आली छत्तिसाव्या मिनिटाला, हातात झेरॉक्सवाल्याचं कार्ड घेऊन. "दोन मिनिटं त्याच्याकडे गेली," म्हणाली, "रविवारीही उघडा असतो."

तुमच्यापैकी ज्यांचं यंदा कॉलेज ठरायचंय त्यांना एवढंच सांगेन की माहितीपुस्तकातला फोटो सकाळी दहाचा असतो. रात्री नऊला आणि पाऊस पडत असताना कसं असतं ते तिथल्या मुलांना विचारा, शेवटची बस-रिक्षा किती वाजता ते विचारा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिच्यावर कोण आहे ते सूचनाफलकावर लावलंय का, ते शोधा. आम्ही दोन्हीकडे शोधलं. आणि आई-वडिलांना बरोबर न्या, पण थोडा वेळ चहाच्या गाडीशी उभं करा. मुलग्यांनीही हे करायला हरकत नाही. त्यांचे पालक भिंतीकडचा रस्ता बघतच नाहीत.

हैदराबाद वाईट होतं असं अजिबात नाही. माझी मैत्रीण म्हणते मी आकस ठेवून लिहिते. लेकीला खडक आणि तळं फार आवडलं होतं आणि तिथलं ग्रंथालय सोडताना तिचा पाय निघत नव्हता. शांत जागेत तासन्‌तास एकटं काम करणाऱ्या मुलीला ते आवार लाभेल. आमची मुलगी गल्लीत वाढलेली. आवाज नसला तर तिला झोप येत नाही.

जुलैमध्ये ती गेली. वरच्या मजल्यावरची खोली, लांबचा रस्ता. गुजरातच्या १८१ अभयम हेल्पलाइनचा नंबर मी तिच्या फोनमध्ये घातला, तो तिच्याकडे आधीच होता. सप्टेंबरमध्ये भिंतीकडचा बंद दिवा लागल्याचं तिने कळवलं. वर्गातल्या मुलींनी मिळून अर्ज केला होता. नवरात्रात ललित कला शाखेच्या गरब्याहून पहाटे परतली, तेव्हा मात्र मी जागीच होते.

नाना आता ८४ वर्षांचे आहेत. निघायच्या आदल्या दिवशी ती नमस्कार करायला गेली, तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, "खोलीपासून स्टेशन किती लांब?"

मी दारात थिजले.

"चालत पंधरा-वीस मिनिटं, आजोबा."

"मग बरं आहे," नाना म्हणाले. "घरी यायला सोपं."