केळ्याविना केळं, लवंगेविना लवंग

ग्लास अजून ओठांना लागलाही नव्हता तोच वास आला, आणि तो पिकलेल्या केळ्याचा होता. मी पुन्हा हुंगलं. केळ्यामागून लवंग आली, लवंगेमागून काळ्या मनुकांचा जडसर दरवळ. रेगेन्सबुर्गला नोकरी करणारी माझी भाची समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. ‘‘मामा, यात केळं नाही हं. लवंगही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘गहू, जव, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. बस्स.’’

आम्ही बव्हेरियातल्या केलहाइमला आलो होतो. रेगेन्सबुर्गहून आगगाडीनं झाल या स्टेशनापर्यंत यायचं आणि पुढे बस धरायची. आल्टम्यूल नदी इथे डॅन्यूबला मिळते. गावावरच्या टेकडीवर राजा पहिल्या लुडविगनं बांधवलेली, 1863 साली खुली झालेली गोल घुमटी वास्तू आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांचं ते स्मारक. बहुतेक प्रवासी इथे उतरतात ते बोटीत बसून डॅन्यूबच्या घळीतून वेल्टेनबुर्गच्या मठाकडे जायला. आम्ही मात्र सरळ श्नायडरांच्या ब्रुअरीची वाट धरली. गव्हाची बिअर गाळण्यासाठी ती 1607 मध्ये उभी राहिली आणि आजही तेच काम करते.

मागवली होती ‘आवेंटिनुस’. गव्हाची, गडद रंगाची, जोरकस. वाढणारीनं आधी उंच, कमरेत बारीक असा ग्लास गार पाण्यानं विसळला. मग तो आडवा धरून बाटलीतली बिअर काचेच्या कडेनं इतकी हळू सोडली की फेस उसळायच्या ऐवजी चढत गेला. तळाशी थोडीशी शिल्लक ठेवून बाटली गोल फिरवली, बुडाला बसलेला यीस्टचा गाळ ढवळून घेतला आणि तोही ग्लासात ओतला. घाई नाही, बोलणं नाही. ओतणं हेही कौशल्याचं काम असतं, हे मला तिच्या मनगटाकडे पाहून पटलं.

उजेडाकडे धरला तर ग्लासात तपकिरी काळोख आणि कडेला माणकासारखी लाली. पहिला घोट घेतला आणि माझी जीभ थेट वसईला पोचली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, सुक्या पानात बांधलेली सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना हा गोडवा सांगावा लागणार नाही: उन्हानं आटलेला, किंचित चिकट, शेवटी तुरट होत जाणारा. त्यात भाजलेल्या पावाची कड, थोडा कोको, आणि घशाशी पोचताना लवंगेची ऊब. बिअर म्हटलं की आपल्याकडे दातांना झिणझिण्या येतील इतकी गार बाटली मागवतात. ही तशी दिली असती तर यातलं निम्मं काही कळलंच नसतं. ती बेताचीच गार होती, आणि जसजशी कोमट होत गेली तसतशी आणखी उलगडत गेली.

हे सगळं येतं कुठून, याचं उत्तर कळल्यावर माझं नवल कमी झालं नाही, दुप्पट झालं. गव्हाच्या बिअरचं यीस्ट वेगळ्या जातीचं असतं. ते उबेत काम करतं आणि आंबताना फेसाबरोबर वर येतं. साखर खाता खाता ते आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं, आणि पिकल्या केळ्याचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते हेच. म्हणजे माझ्या नाकानं फसगत केली नव्हती, केळ्याचा गंध खराच होता. लवंगेचं थोडं निराळं. धान्याच्या टरफलात फेरुलिक आम्ल असतं. दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पाण्यात शिजवताना ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास काही वेळ थांबवलं तर हे आम्ल सुटं होतं, आणि पुढे यीस्ट त्याचं रूपांतर लवंगेतल्या मूळ द्रव्याच्या एका भाऊबंदात करतं. त्या थांबण्यात घाई केली तर लवंग अंधुक होते.

जोर येतो तो धान्यामुळे. पाणी तेवढंच ठेवून माल्ट वाढवायचं, काढा दाट आणि गोड करायचा आणि यीस्टला जास्त खायला द्यायचं. बव्हेरियात ‘बॉक’, म्हणजे जोरकस बिअर, म्हणवून घ्यायला आंबवण्याआधीच्या काढ्यात सोळा टक्के तरी धान्याचा अर्क असावा लागतो. आवेंटिनुसमध्ये तो साडेअठरा असतो. तयार बिअरमध्ये मद्यार्क 8.2 टक्के. एवढा जोर असून घशाला ओरखडा नाही, याचं श्रेय त्या दाटपणाला. आणि आंबणं ब्रुअरीत संपतही नाही. बाटली भरताना थोडा न आंबलेला काढा त्यात घालतात, मग बाटलीच्या आत पुन्हा एकदा काम सुरू होतं. फेसाची ती मऊ घट्ट टोपी तिथूनच येते.

1516 साली इंगोलश्टाट इथे ड्यूक चौथ्या विल्हेल्मनं हुकूम काढला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. जर्मन लोक त्या हुकमाचा आजही अभिमान बाळगतात. त्यात यीस्टचा उल्लेख नाही! ज्याच्यामुळे काढ्याची बिअर होते तो जीव तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हता. त्याची ओळख पटायला पाश्चरचं शतक उजाडावं लागलं. त्या हुकमात गहूही नाही. गहू पावासाठी राखायचा, असं त्याचं कारण सांगतात. तरी गव्हाची बिअर गाळण्याचा खास हक्क डेगेनबेर्ग नावाच्या एका सरदार घराण्याकडे होता. 1602 मध्ये त्या घराण्यातला शेवटचा वारस निपुत्रिक गेला आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियनच्या हाती आला. त्यानं मक्ता कसून वापरला, ठिकठिकाणी गव्हाच्या ब्रुअऱ्या उभारल्या. केलहाइमची त्यांतलीच. पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं तेव्हा या बिअरच्या पैशावर बव्हेरियाच्या खजिन्याची मोठी भिस्त होती. एका फेसाळ ग्लासामागे तोफा आणि घोडदळ उभं आहे, हे समजल्यावर मी तो जरा जपूनच खाली ठेवला.

एकोणिसाव्या शतकात लोकांची चव पालटली, गव्हाची बिअर मागे पडली आणि राजघराण्यालाही तिच्यात रस उरला नाही. म्युनिकमधली राजाची गव्हाची ब्रुअरी चालवायला घेतलेल्या गेओर्ग श्नायडरनं 1872 मध्ये दुसऱ्या लुडविगकडून ही बिअर गाळण्याचा हक्क मिळवला. हा लुडविग जगाला माहीत आहे तो नॉयश्वानश्टाइनच्या किल्ल्यामुळे. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली ही सही त्या किल्ल्याहून कमी मोलाची नाही.

आणि आवेंटिनुस? ती 1907 ची, माटिल्डे श्नायडर या बाईंची. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ब्रुअरीचा कारभार त्यांच्याकडे आला होता. गव्हाची डबल जोराची ‘डोप्पेलबॉक’ बव्हेरियात तोवर कुणी केली नव्हती. ती त्यांनी केली. पुढे 1928 मध्ये घराण्यानं केलहाइमची ब्रुअरी विकत घेतली. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकची ब्रुअरी उद्ध्वस्त झाली आणि सगळं गाळप या गावात आलं. एवढ्या पडझडीतून बाईंची बिअर तगली, आणि मला वाटतं त्यांचं नाव तिथल्या प्रत्येक टेबलावर घेतलं जायला हवं.

बाटलीवर चेहरा आहे तो मात्र योहानेस आवेंटिनुसचा. हा सोळाव्या शतकातला बव्हेरियाचा इतिहासकार. जन्म इथून जवळच्या आबेन्सबेर्गचा. बव्हेरियाचा पहिला नकाशा 1523 मध्ये त्यानंच केला. इतिहास लिहिणाऱ्याला एखाद्या मुलखानं बिअरच्या बाटलीवर मानानं बसवावं, हे पाहून मी भारावलो.

शेवटी भाचीनं एक छोटी बाटली मागवली आणि आम्ही दोघांत वाटून घेतली: ‘आइसबॉक’. पूर्वी वाहतुकीत आवेंटिनुस कधी कधी गोठायची; पाण्याचा बर्फ व्हायचा आणि उरलेला रस आणखी कडक व्हायचा. आता तेच मुद्दाम, बेतानं करतात. मद्यार्क बारा टक्के. चव खजुराच्या काकवीकडे झुकलेली, लवंग जवळजवळ मिरीसारखी. मला ती भव्य वाटली, पण आवेंटिनुसमध्ये जे खेळतं वारं आहे ते तिच्यात दाटून गेलंय.

तिकडे कुणी जाणार असेल तर दुपारी जा, आधी पोटभर जेवा, गाडी चालवू नका. अर्धा लिटर पुरे होतो. आणि गाळ बाटलीत सोडू नका.