पाच वर्षांची फेलोशिप, पंधरा वर्षांची लाट

ज्या लाटांवर मी पीएचडी करते आहे, त्यांचं एक आवर्तन माझ्या फेलोशिपपेक्षा लांब आहे. फेलोशिप पाच वर्षांची. त्या लाटांपैकी ज्या ठळक असतात त्यांना एकदा वर जाऊन खाली यायला दहा वर्षं लागतात, काहींना पंधरा, काहींना त्याहून जास्त. मी रुजू झाले तेव्हा एखादी चढू लागली असेल, तर थीसिस देऊन मी बाहेर पडेन तेव्हा ती जेमतेम उतरणीला लागलेली असेल. गावी कुणी ‘सापडलं का?’ विचारलं की हे सगळं सांगावं लागतं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मग ‘एवढ्यासाठी पोरगी पुण्यात राहते?’ हे स्पष्ट उमटतं.

या लाटा गुरुत्वीय. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या पोटातली कृष्णविवरं कालांतरानं एकमेकांभोवती फिरू लागतात. सूर्याच्या कोट्यवधी, कधी अब्जावधी पट वस्तुमानाची ही धुडं. त्यांच्या फिरण्यानं अवकाश ताणलं-आवळलं जातं आणि तो ताण विश्वभर पसरत जातो. लायगोच्या यंत्रांनी २०१५ मध्ये टिपलेली लहर सेकंदाच्या आत येऊन गेली होती. आमच्या लहरींना तशी घाई नाही. त्या मोजायला आम्ही आकाशातली घड्याळं वापरतो, म्हणजे पल्सार. सूर्यापेक्षा थोडं जास्त वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात कोंबलेलं; आमच्या कामाचे गोळे सेकंदाला शेकडो वेळा स्वतःभोवती फिरतात आणि दर फेरीला रेडिओ लहरींचा झोत आपल्यावरून फिरवून नेतात. पुढचं स्पंदन कधी येणार याचं गणित मांडायचं, प्रत्यक्ष कधी आलं ते पाहायचं, फरक लिहून ठेवायचा. वर्षानुवर्षं. गुरुत्वीय लहरींमुळे पडणारा फरक असतो सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास.

हा फरक एकाच पल्सारमध्ये दिसला तर त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्या ताऱ्याचंच काही बिनसलेलं असू शकतं. आकाशभर विखुरलेल्या अनेक पल्सारांचे फरक एकमेकांशी ताडून पाहायचे, आणि दोन पल्सारांमधला कोन बदलेल तसा त्यांच्यातला मेळ एका ठरावीक वक्रानुसार बदलतो का ते तपासायचं. हा वक्र हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये मांडला. थोडक्यात, दोन गोष्टी बरोबरीनं घडल्या तर तो योगायोग की त्यामागे काही आहे, एवढंच ठरवायला मी शिकले आहे. या शिक्षणाचा घरच्या आयुष्यात उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आमची दुर्बीण, जीएमआरटी, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला आहे. टोमॅटोचा बाजार, द्राक्षांच्या बागा, यात्रांच्या हंगामाआधी लागणाऱ्या तमाशाच्या राहुट्या, आणि त्यांच्याच शेजारी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला म्हणून. पल्सारांच्या कामात तिची ताकद कमी वारंवारतेत आहे. ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ इलेक्ट्रॉन तरंगत असतात आणि कमी वारंवारतेच्या लहरींना ते जास्त अडवतात. जे १७१३+०७४७ या पल्सारचं ४०० मेगाहर्ट्झला येणारं स्पंदन १४०० मेगाहर्ट्झला येणाऱ्या स्पंदनाच्या मागे सुमारे ०.३८ सेकंद असतं. मोजायचं आहे सेकंदाच्या कोटीव्या भागापर्यंत आणि वाटेतला उशीर एवढा. शिवाय तो उशीर स्थिर नसतो, दर महिन्याला थोडा बदलतो. म्हणून तबकड्यांचे गट पाडून एकाच वेळी दोन पट्ट्यांत निरीक्षण घ्यायचं आणि उशीर नेमका काढायचा. माझ्या थीसिसची बरीच पानं या उशिरावर खर्ची पडली आहेत. कृष्णविवरं शेवटच्या प्रकरणात येतात, तीही पाहुण्यासारखी.

२९ जून २०२३ ला भारतीय वेळेनुसार पहाटे आमचा निकाल बाहेर आला. युरोप आणि भारताच्या गटांनी मिळून २५ पल्सारांच्या नोंदी तपासल्या होत्या, युरोपच्या नोंदी जवळजवळ पंचवीस वर्षांच्या. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही त्याच दिवशी आपापले निबंध प्रसिद्ध केले. आमच्या नोंदींत दिसलेला मेळ निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता हजारात एक निघाली. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण आमच्याकडे एवढ्यावर ‘शोध लागला’ म्हणत नाहीत. ‘पुरावा आहे’ म्हणतात आणि मोजत राहतात.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती.

आई पंढरपुरात होती. माझा चुलता तिच्याबरोबर दिंडीत होता. मराठी बातम्यांमध्ये ‘विश्वाचा गुंजारव’ असं काहीतरी वाचून त्यानं फोन केला. मागे टाळांचा आवाज. “अगं, आजच्याच दिवशी? आप्पांनीच घडवून आणलं बघ.” संध्याकाळपर्यंत आमच्या भावकीच्या ग्रुपवर नासाला ओंकार ऐकू आल्याचे संदेश फिरू लागले. दहा-पंधरा वर्षांत एकदा हलणाऱ्या गोष्टीला आवाज नसतो, तिला ओंकार म्हणायचं तर माणसाच्या कानाची व्याख्याच बदलावी लागेल, हे मी टाइप केलं आणि पाठवलंही. कुणी वाचलं नाही. दुसऱ्या बाजूला संस्थेतल्या एका मित्राला एकादशीची गंमत सांगितली, तर तो एवढा हसला की मी उपवासाचं बोललेच नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. फलटण तालुक्यातलं आमचं गाव, थोडा ऊस, थोडं डाळिंब, आणि गळ्यात माळ. माउलींच्या पालखीबरोबर ते दरवर्षी आळंदीहून चालत जायचे. २०२० ला पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या आणि आप्पा घरी बसले. पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्याला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले. ऑगस्टमध्ये मी पीएचडीला रुजू झाले. पहिल्याच सत्रात वाचायला मिळालेल्या निबंधांत एक होता जे १७१३+०७४७ वरचा. हा पल्सार आमच्या यादीतल्या सगळ्यात भरवशाच्या घड्याळांपैकी. त्याच्या स्पंदनाचा आकार एप्रिल २०२१ च्या मध्याला अचानक बदलला होता. आमच्या गटानं खोडदच्या नोंदींतून तो बदल दाखवला होता. मी तारीख पाहिली आणि लॅपटॉप मिटला.

या दोन गोष्टींचा काहीही संबंध नाही. तो तारा साडेतीन-चार हजार प्रकाशवर्षं लांब आहे. जे काही झालं ते आमच्या गावात कुणी ऊस लावायच्या कितीतरी आधी झालं. वर्षात बावन्न आठवडे असतात, आमच्या यादीत बरेच पल्सार आहेत, आणि दुःखातलं मन तारखा शोधतच असतं. असा हिशेब मांडला की योगायोगात नवल उरत नाही. हा हिशेब मी खरंच मांडला होता. तो बरोबर होता, आणि त्यानं काही बरं वाटलं नाही.

लोकांची अशी समजूत असते की विज्ञान शिकणारं पोर एक तर श्रद्धा सोडतं, नाही तर पोथीत विज्ञान शोधू लागतं. माझं दोन्ही झालं नाही. मला ज्या माणसाचा आधार वाटला ती जोसेलिन बेल. १९६७ मध्ये केंब्रिजला ती पीएचडीची विद्यार्थिनी होती. दुर्बिणीचे खांब ठोकण्यापासून कामाला होती, आणि रोज जवळजवळ शंभर फूट कागदावर उमटणारा आलेख डोळ्यांनी तपासत होती. त्यात एक बारीकशी खरवड तिला दिसली आणि तिनं ती सोडून दिली नाही. तोच पहिला पल्सार, १.३३७ सेकंदांचा. १९७४ चं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. ही गोष्ट आपल्याकडे अन्यायाची कथा म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला मात्र पुढचा भाग जास्त ओढतो. लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्यांबरोबर ती गावं बदलत राहिली, वर्षानुवर्षं अर्धवेळ काम केलं, पल्सार सोडून क्ष-किरणांपर्यंत फिरली. २०१८ मध्ये तीस लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं तेव्हा ते सगळंच्या सगळं संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकलं.

आणि ती क्वेकर पंथाची आहे. त्यांच्या सभेत पुजारी नसतो, लोक शांत बसतात, कुणाला आतून काही सुचलं तर उभं राहून बोलतात. सगळ्यांनी मानलीच पाहिजे अशी श्रद्धेची यादी नाही. ब्रिटनमधल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेचं काम तिनं तीन वर्षं पाहिलं. तिच्या मुलाखती ऐकताना कळतं की ती देवाचा पुरावा आकाशात शोधत नाही, आणि आकाशात दिसलं नाही म्हणून सभेला जाणं थांबवतही नाही. आमच्या दिंडीतला टाळ-मृदंग आणि त्यांची शांतता यांत साम्य दाखवण्याचा मोह मी टाळते. पण पुराव्यावर न टेकलेली श्रद्धा म्हणजे अडाणीपणा नव्हे, हे मला एका खगोलशास्त्रज्ञ बाईकडून कळलं. तोवर मी घरी एक बोलत होते आणि संस्थेत एक.

वारी पुन्हा सुरू झाली त्या वर्षी आई निघाली. जन्मभर तिनं वाटेवरच्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घातली होती, स्वतः कधी गेली नव्हती. गुरं कुणी बघायची? मी विचारलं, गुडघे दुखतात, कशाला जातेस? म्हणाली, “त्यांचा नेम हाय. पडू द्यायचा न्हाई.” विठ्ठल भेटेल, पुण्य लागेल, असलं काही तिनं सांगितलं नाही. आमच्या कामातही खाडा फार महाग पडतो. १ डिसेंबर २०२० ला अरेसिबोची ३०५ मीटरची दुर्बीण कोसळली तेव्हा कित्येक पल्सारांच्या नोंदींचा एक मोठा धागा कायमचा थांबला. इतर दुर्बिणींनी तेच पल्सार धरून ठेवले होते म्हणून मालिका पुढे चालू राहिली.

त्याच अरेसिबोवर १९७४ मध्ये रसेल हल्सनं जोडीतला पहिला पल्सार शोधला. तोही विद्यार्थीच, जोसेफ टेलर यांचा. त्या जोडीची कक्षा आइनस्टाइनच्या गणिताप्रमाणे आक्रसत गेली आणि गुरुत्वीय लहरींचा पहिला, अप्रत्यक्ष का होईना, पुरावा मिळाला. पण हल्स १९७७ मध्ये पल्सार सोडून प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेत गेला. खगोलशास्त्रात कायमच्या नोकरीची शाश्वती दिसत नव्हती आणि त्याला मैत्रिणीच्या जवळ राहायचं होतं, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. नोंदी टेलर आणि त्यांचे सहकारी घेत राहिले. १९९३ चं नोबेल हल्स आणि टेलर दोघांनाही मिळालं.

आणखी एक विद्यार्थी, आपल्याकडचा. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी १९८२ मध्ये बर्कलीत पीएचडी करत होते. डॉन बॅकर यांच्याबरोबर त्यांनी सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पल्सार शोधला, मिलिसेकंद जातीतला पहिला. तो नसता तर आमचं क्षेत्रच नसतं. कुलकर्णी पुढे तपकिरी बटू, गॅमा किरणांचे स्फोट अशा भलत्याच वाटांनी गेले, आणि तो पहिला पल्सार लांब पल्ल्याला तेवढासा भरवशाचा नाही हेही नंतर कळलं.

हे तिघं मी वारंवार आठवते, कारण फेलोशिप पुढच्या वर्षी संपते. २०२३ मध्ये ती वाढून पहिली दोन वर्षं ३७ हजार आणि नंतर ४२ हजार झाली. ती वेळेवर येते असं कुणी संशोधक विद्यार्थी म्हणाला तर त्याचा पत्ता मला द्या. गावी स्थळं येताहेत. त्यातल्या एकाच्या आईनं विचारलं, “तारे बघायचं घरून जमतं का?” खरं तर जमतं. नोंदींवरचं बहुतेक काम लॅपटॉपवरच होतं. मी होही म्हणाले, पण तिला ते उत्तर आवडलं नाही.

माझा बेत असा. पोस्टडॉकसाठी युरोपात अर्ज केले आहेत, ज्या गटांबरोबर आम्ही नोंदी जोडतो तिथेच. मिळालं तर दोन-तीन वर्षं. मग भारतात जागा निघाल्या तर परत; आपण एसकेए या जागतिक दुर्बिणीत सहभागी झालो आहोत, सरकारनं १२५० कोटी मंजूर केले आहेत, त्यामुळे आशेला थोडी जागा आहे. नाहीच निघाल्या तर सिग्नल प्रोसेसिंगची नोकरी करेन, पुण्यात ती मिळते. संस्थेत अशा नोकरीला ‘बाहेर पडणं’ म्हणतात आणि आवाज जरा खाली आणतात. मला त्यात शरमेचं काही वाटत नाही. शेताचं धाकटा भाऊ बघतो. एकादशी मी कुठेही धरू शकते; बॉनमध्ये साबुदाणा मिळतो का, एवढं विचारून ठेवलं आहे.

सध्या थीसिसपेक्षा जास्त वेळ एका फाइलला जातो. माझे पल्सार ज्या नव्या मुलाकडे जाणार आहेत त्याच्यासाठी, मराठी-इंग्रजी मिसळून, मी सगळं लिहून ठेवते आहे. जे १०२२+१००१ ऑगस्टच्या अखेरीस सूर्याच्या अगदी जवळून जातो, तेव्हाचा उशीर सौर वाऱ्यामुळे वाढतो, घाबरू नकोस. कुठल्या महिन्यात कुठल्या पट्ट्यात गोंगाट होता. कुठल्या फायलींच्या नावांत तारीख उलटी आहे. परवा त्यानं विचारलं, “ताई, १७१३ यादीत ठेवायचा का? त्याचा आकार बदललाय ना?”

ठेव म्हटलं. फक्त एप्रिल २०२१ नंतरच्या नोंदींना साचा वेगळा वापर, जुन्या साच्यात बसवायला जाऊ नकोस.