करारनाम्यांतील न वाचलेलें कलम

अमरावती-अकोल्याकडील कितीएक सुशिक्षित घरांतील एखादा मुलगा वा मुलगी आज अमेरिकेंत आहे. तेथील भाड्याचा किंवा कर्जाचा करारनामा उलगडून पाहिला, तर त्यांत एक चमत्कारिक कलम कधीं कधीं आढळतें: तंटा उत्पन्न झाल्यास ज्यूरीपुढें चौकशी मागण्याचा हक्क उभय पक्ष सोडून देत आहेत. आपण तें सहज ओलांडून जातों. ज्यूरी म्हणतांच आपणांस आठवते ती १९०८ सालीं लोकमान्यांस सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविणारी. त्यांच्या अपिलासाठीं आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेस गेले होते. १९५९ च्या नानावटी खटल्यानंतर ही पद्धति ओसरत गेली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तिला स्थानच उरलें नाहीं.

अमेरिकेंत मात्र दिवाणी दाव्यांतही ज्यूरी मागतां येते. संघीय न्यायालयांपुरता हा हक्क तेथील राज्यघटनेंत १७९१ पासून नमूद आहे. मग छापील कागदावर सही करून तो गमावतां येतो काय? बहुतेक राज्यांत, समजून-उमजून व स्वखुषीनें सोडला असेल तर, येतो. परंतु कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं ठरविलें कीं, तंटा उद्भवण्यापूर्वींच करारांत लिहून दिलेला असा त्याग अमलांत आणतां येणार नाहीं. जॉर्जिया राज्यानें १९९४ सालींच तसा निर्णय दिला होता. मला तो रास्त वाटतो. भांडण कशाचें हें ठाऊक नसतां हक्क सोडणें म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणेंच होय. आणि वऱ्हाडांत सावकारीच्या दिवसांत तसे अंगठे थोडे का उठले!

आपल्याकडे ज्यूरी नसली तरी प्रश्न आहेच. १८७२ च्या करार कायद्याचें २८ वें कलम सांगतें कीं, न्यायालयाची वाट सर्वस्वी बंद करणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. लवादाचा करार यांतून वगळला आहे. शिवाय दोन न्यायालयांस अधिकार असतां त्यांपैकीं एकच पत्करण्याचा करार वैध आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं ठरविलें. घरगुती ग्राहकास मात्र २०१९ च्या ग्राहक कायद्यानें आपल्या राहत्या जिल्ह्यांतच तक्रार नोंदवितां येते, व करारांतील लवादाचें कलम तिच्या आड येत नाहीं. धंद्यासाठीं माल घेणाऱ्या व्यापाऱ्यास ही सवलत नाहीं. अकोल्याच्या सरकीवाल्यानें मुंबईचें न्यायालय लिहून दिलें असेल, आणि त्या न्यायालयास मुळांत अधिकार असेल, तर त्यास रात्रीच्या गाडीनें मुंबईच गांठावी लागते.