बंगले, कुलपं आणि एक चहा

वीकएन्डचं आमचं ठरलेलं असतं. लोणावळा नको, महाबळेश्वर तर नकोच. पुण्यातून गाडी काढायची आणि जिथे ‘बघण्यासारखं काही नाही’ असं लोक सांगतात, तिथे जायचं. नियम एकच. प्रत्येक गावात किमान एका माणसाशी निवांत गप्पा मारायच्या. फोटो नंतर.

या वेळी माणदेश. सातारा, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड करत आटपाडी. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळं याच तालुक्यातलं. त्यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) कॉलेजात वाचलेली, त्यामुळे डोक्यात उजाड माळ आणि मेंढरं फिट्ट बसलेली. मेंढरं भेटलीही. पण डाळिंबाच्या बागाही भेटल्या. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं टेंभू योजनेचं पाणी आता इकडे पोचलंय.

सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकलं ते बंगल्यांनी. आटपाडीहून विट्याकडे जाताना एका छोट्याशा गावात थांबलो. चकचकीत टाइल्स, स्टीलचं रेलिंग, गच्चीवर पाण्याची टाकी. आणि दाराला भलंमोठं कुलूप. एक नाही, ओळीने चार.

‘‘जत्रंला उघडत्यात,’’ चहाच्या टपरीवर बसलेले आप्पा म्हणाले. ‘‘बसा की.’’

बसलो. आप्पा गलाईवाले. खानापूर-आटपाडी भागातली हजारो माणसं देशभरच्या सराफबाजारात हे काम करतात. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, त्यात चांदी मिसळायची, मग तेजाबात टाकायचं. चांदी-तांबं विरघळून जातं, शुद्ध सोनं तळाशी उरतं. १९७२च्या दुष्काळानंतर आप्पा सोळाव्या वर्षी चुलत्याबरोबर कोइमतूरला गेले. पस्तीस वर्षं भट्टीपुढे काढली. तमिळ फर्डं. ‘‘नातवाला मराठी येती,’’ ते हसत म्हणाले, ‘‘पर तमिळमधनं!’’

आम्ही खो खो हसलो. पण माझं हसू जरा अर्धवटच होतं. कारण कंपनीने म्युनिकची ऑफर दिली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. सोलापूरला आई-बाबांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. ‘दोनच वर्षं तर आहेत’ हे वाक्य मात्र घोकून तयार होतं.

का कोण जाणे, आप्पांना सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं किती सोपं असतं ना! विचारलं, ‘‘आप्पा, गेलात ते चुकलं असं वाटतं का कधी?’’

‘‘छ्या! न जाऊन खाल्लं काय असतं हितं?’’ त्यांनी बशीतला चहा फुर्रकन संपवला. ‘‘चूक दुसरीच झाली. जाताना आईला म्हनलं, दोन वर्सात येतो. म्हातारी मोजत बसली. येत हुतो की मी, जत्रंला, दिवाळीला. तरी दर खेपंला इचारायची, आता ऱ्हायला आलास न्हवं? मला न्हाई म्हनायचं धाडस झालं न्हाई. ती गेली तवा मी भट्टीपुढंच हुतो.’’

टपरीवाल्याने न विचारताच आणखी एक कटिंग पुढे ठेवलं. पैसे आप्पांनी देऊ दिले नाहीत.

विट्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. दोस्त लोक खाली उतरून फोटो काढत होते. मी आईला फोन लावला. म्युनिकचं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग गॅस बंद केल्याचा आवाज.

‘‘किती दिवसांसाठी रे?’’

ते घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं.

‘‘नक्की नाही सांगता येत गं, आई. कदाचित बरीच वर्षं.’’

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘खरं सांगितलंस ते बरं केलंस. आता पुढच्या शनिवारी ते तुझं भटकणं-बिटकणं राहू दे. इकडे ये.’’

तर मंडळी, पुढच्या वीकएन्डचा रूट फिक्स झालाय. पुणे ते सोलापूर. नियम तोच. गप्पा आधी, फोटो नंतर.